विलंबाने पोचलेले वर्तमान

मराठीत 'वर्तमान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जो काळ चालू आहे तो वर्तमान, आणि कोणी लिहून कळविलेली बातमी तीही वर्तमानच. हे दोन्ही अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात, पण व्यवहारात त्यांचे नेहमी जुळतेच असे नाही. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसास हे कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या आजोबांची सारी हयात रेल्वेच्या हिशेब खात्यात, जबलपूरकडे गेली. त्यांच्या पेटीत एक पोस्टकार्ड अजून जपून ठेवलेले आहे. त्यांच्या मातोश्रींनी ते शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतले होते: प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. हे कार्ड आजोबांच्या हाती पडले त्याच्या आदल्याच दिवशी मातोश्री वारल्याची तार येऊन गेली होती. कार्डाच्या कोपऱ्यात आजोबांनी कचेरीतल्या सवयीने पोचल्याची तारीख टाकली आहे. दुसरा एकही शब्द लिहिलेला नाही. ते पत्र खोटे नव्हते. लिहिले तेव्हा ते अक्षरशः खरे होते. मधल्या अंतराने तेवढे त्याला जुने केले होते.

आवक-जावक ज्यांनी सांभाळली आहे त्यांस ठाऊक असते की प्रत्येक कागदाला दोन तारखा असतात: एक लिहिल्याची, दुसरी पोचल्याची. प्रकाशाला वेग आहे आणि विश्व पसरत आहे, हे दोन थोर शोध मुळात या दोन तारखांतील फरक नीट वाचण्यातून निघाले, असे आम्हांस वाटते. त्या शोधांचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

प्रकाशास वेग असलाच पाहिजे असे प्राचीनांस वाटत नसे. डोळा उघडला की तारा दिसतो, मग मध्ये वेळ कसला, हा त्यांचा प्रश्न. सतराव्या शतकात देकार्तसारखा तत्त्ववेत्ताही प्रकाश तत्क्षणी पोचतो असेच मानीत होता. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक प्रयोग सुचविला. दोन माणसांनी झाकलेले कंदील घेऊन दूर उभे राहावे. एकाने कंदील उघडताच दुसऱ्याने आपला उघडावा, आणि मध्ये किती वेळ जातो ते पाहावे. प्रकाश तत्क्षणी पोचत नसेल तर तो अतिशय वेगवान असला पाहिजे, याहून अधिक काही त्यातून निष्पन्न झाले नाही. होणारही नव्हते, कारण मैलभर जाऊन परत येण्यास प्रकाशाला सेकंदाचा सुमारे लाखावा भाग लागतो, आणि माणसाचा हात इतका चपळ नाही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्या मंडळींत ती वारंवार निघते. चौदाव्या शतकात विजयनगरच्या राज्यात सायणाचार्यांनी ऋग्वेदावर जे भाष्य लिहिले, त्यात सूर्य अर्ध्या निमिषात २२०२ योजने जातो अशा अर्थाचे एक स्मृतिवचन दिलेले आहे. योजन व निमिष यांची विशिष्ट मापे धरली तर हा आकडा प्रकाशवेगाजवळ येतो. परंतु या दोन्ही मापांची परिमाणे ग्रंथागणिक निराळी आहेत, वचन सूर्याच्या गतीविषयी आहे, आणि आकडा कोणत्या निरीक्षणातून आला याचा मागमूस नाही. सायणाचार्यांची थोरवी अशा योगायोगावर अवलंबून नाही. मोजमापाचा मान मात्र ज्याने मोजले त्यालाच दिला पाहिजे.

मोजण्याचा पहिला मान ओले रोमर या डॅनिश तरुणाचा. १६७२ साली तो पॅरिसच्या वेधशाळेत आला. तेथे कॅसिनी हा थोर ज्योतिषी गुरूच्या उपग्रहांची कोष्टके सांभाळीत होता. हे काम केवळ कुतूहलाचे नव्हते. गुरूचा उपग्रह त्याच्या छायेत शिरतो किंवा छायेतून बाहेर येतो, ही घटना पृथ्वीवरून सर्वत्र एकाच क्षणी दिसते. तेव्हा दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांतील फरकावरून त्या ठिकाणांच्या रेखांशांतील अंतर काढता येते. नकाशे करणाऱ्या राज्यकर्त्यांस ही कोष्टके मोलाची होती. आयो हा उपग्रह सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फिरतो. त्याची ग्रहणे घड्याळासारखी नियमित असावयास हवीत. पण तशी ती पडत नसत. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ग्रहणे हळूहळू उशिरा होऊ लागत, जवळ येत असली की लवकर.

रोमरने यातील मर्म ओळखले. उपग्रह वेळेवरच छायेबाहेर येत होता. उशीर होत होता तो त्याचे वर्तमान पोचण्यास. १६७६ च्या उत्तरार्धात त्याने विज्ञान अकादमीस आगाऊ कळविले की ९ नोव्हेंबरला आयोचे छायेबाहेर येणे हिशेबापेक्षा दहा मिनिटे उशिरा दिसेल, आणि तसेच ते दिसले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागतात असा त्याचा अंदाज होता. आज आपण हा काळ सुमारे साडेसोळा मिनिटे मानतो. कॅसिनीने हे स्पष्टीकरण स्वीकारले नाही. तीच कल्पना त्याच वर्षी त्याच्याही मनात येऊन गेली होती, पण बाकीच्या उपग्रहांचे हिशेब तिच्याशी जुळेनात म्हणून त्याने ती टाकून दिली. ज्येष्ठ अधिकाऱ्याची शंका निराधार नव्हती. पण सत्य कनिष्ठाच्या बाजूस होते.

पुढे रोमर स्वदेशी परतला, राजाचा गणिती झाला, वजने-मापे त्याने सुधारली आणि १७०५ साली कोपनहेगनच्या पोलिसांचा एक प्रमुखही झाला. तेथील रस्त्यांवर तेलाचे दिवे लावण्याचे काम त्याने पार पाडले. ज्याने प्रकाशाचा विलंब मोजला त्यानेच गावात प्रकाशाची सोय करावी, ही शासकीय नोकरीतील एक गोड नोंद होय. १७१० साली तो वारला, आणि १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत त्याची बहुतेक दप्तरे जळून गेली.

त्याच सुमारास इंग्लंडात ब्रॅडलीच्या हाती दुसरा पुरावा आला. कालेय तारकासमूहातील एका ताऱ्याचे तो वेध घेत होता. तारा वर्षभरात सुमारे वीस विकलांनी इकडे-तिकडे सरके, परंतु पृथ्वीच्या स्थानामुळे सरकावा त्या दिशेने नव्हे. पाऊस सरळ पडत असला तरी चालणाऱ्या माणसास छत्री पुढे कलती धरावी लागते. तशीच धावत्या पृथ्वीवरील दुर्बीणही किंचित कलती धरावी लागते, हे त्याच्या ध्यानी आले. या कलावरून सूर्याचा प्रकाश आपणांपर्यंत ८ मिनिटे १२ सेकंदांत येतो असा त्याने हिशेब केला. आजचा आकडा ८ मिनिटे १९ सेकंद आहे. रोमरचा पक्ष येथे कायमचा सिद्ध झाला, पण तो पाहावयास रोमर उरला नव्हता.

यापुढील काम प्रयोगशाळेतील कारागिरीचे होते. १८४९ साली फिझोने पॅरिसजवळ ७२० दात्यांचे एक चाक फिरवून, दात्यांमधून गेलेला किरण सुमारे ८६३३ मीटरवरील आरशावरून परत येईपर्यंत पुढचा दाता आड येतो की नाही, ते पाहिले. १८६२ साली फूकोने फिरत्या आरशाने सेकंदास सुमारे २,९८,००० किलोमीटर हा आकडा काढला. अमेरिकेत मायकेलसनने आयुष्याची पन्नास वर्षे या एका संख्येच्या मागे घालविली. त्यानेच मॉर्लीसह १८८७ साली दाखविले की पृथ्वीच्या गतीमुळे प्रकाशाचा वेग कमी-अधिक झालेला आढळत नाही. या विचित्र निष्कर्षाशी पूर्णपणे जुळणारा विचार १९०५ साली आइन्स्टाइनने मांडला: हा वेग सर्वांस सारखाच, आणि कोणतीही वस्तू वा वार्ता याहून वेगाने धावू शकत नाही. १९८३ साली तर व्यवस्थाच उलटली. प्रकाशाचा वेग सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर असे ठरवून टाकण्यात आले आणि त्यावरून मीटरची व्याख्या करण्यात आली. ज्याला मोजावयाचे होते तोच मोजपट्टी झाला.

वेग ठरला म्हणजे अंतराला काळाचा अर्थ येतो. प्रकाश एका वर्षात ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर जातो, आणि इतक्या अंतरास आपण एक प्रकाशवर्ष म्हणतो. दूरचा तारा म्हणजे जुन्या तारखेचे पत्र. पण पत्र किती जुने आहे हे कळण्यास ते किती दुरून आले हे कळले पाहिजे, आणि नेमके तेच कळत नव्हते.

ही अडचण सोडविली ती हार्वर्ड वेधशाळेतील एका कनिष्ठ कर्मचारिणीने. हेन्रिएटा लेविट यांस तासाला ३० सेंट मजुरी मिळे. छायाचित्रांच्या काचा न्याहाळून ताऱ्यांच्या तेजाची नोंद करणे हे त्यांचे काम. त्यांस ऐकू कमी येत असे. दुर्बिणीतून स्वतंत्र संशोधन करण्याची मुभा तेथे स्त्रियांस नव्हती. मॅगेलनी मेघांतील १७७७ रूपविकारी तारे त्यांनी १९०८ साली नोंदविले, आणि १९१२ साली त्यांपैकी २५ ताऱ्यांवरून दाखवून दिले की ज्या ताऱ्याचे तेज कमी-अधिक होण्यास अधिक दिवस लागतात तो मुळातच अधिक तेजस्वी असतो. म्हणजे नुसते दिवस मोजावे आणि ताऱ्याचे खरे तेज ओळखावे. दिसणारे तेज त्याच्याशी ताडून पाहिले की अंतर मिळते. १९२१ साली त्या निवर्तल्या. १९२५ साली मिटाग-लेफ्लर या स्वीडिश गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविण्याच्या विचाराने त्यांस पत्र लिहिले. ते पत्र हार्वर्डला पोचले तेव्हा वाचावयास बाई हयात नव्हत्या. आमच्या आजोबांच्या कार्डात लिहविणारी गेली होती. येथे वाचणारी गेली होती.

त्याच १९१२ साली ॲरिझोनातील लोवेल वेधशाळेत स्लायफर हा देवयानीतील तेजोमेघाचा वर्णपट घेत होता. आपल्याकडे येणाऱ्या वस्तूच्या प्रकाशातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जाणाऱ्या वस्तूच्या तांबड्या टोकाकडे. देवयानी सेकंदास सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असलेली आढळली. पण पुढील पाच वर्षांत त्याने पंचवीसएक तेजोमेघ तपासले, आणि त्यांतील बहुतेक सर्व दूर पळताना दिसले. असे का, हे सांगता येईना. कारण हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर, याचाच निर्णय झालेला नव्हता.

तो निर्णय एडविन हबलने केला. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या एका काचेवर देवयानीत त्यास लेविटबाईंच्या जातीचा एक तारा सापडला. त्यावरून देवयानीचे अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे निघाले. आजच्या मापाने ते पंचवीस लाख आहे, पण आकाशगंगेच्या बाहेर टाकण्यास नऊ लाखही पुरेसे होते. १९२९ साली हबलने २४ दीर्घिकांची अंतरे व वेग एका कागदावर मांडले: जी जितकी दूर, ती तितक्या वेगाने पळते. वर्णपट घेण्याच्या पुढील कष्टाच्या कामात त्याचा सोबती मिल्टन ह्युमासन होता. या गृहस्थाचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. दुर्बीण उभारली जात असता तो खेचरांवर सामान लादून डोंगरावर नेई. मग वेधशाळेत झाडलोट करणारा झाला, नंतर रात्रीचा मदतनीस, आणि अखेर ज्योतिषी.

श्रेयाच्या बाबतीत एक कागद येथे दाखल केला पाहिजे. दूर जाणाऱ्या दीर्घिकांचा अर्थ विश्वाचे प्रसरण हाच होय, हे बेल्जियन धर्मगुरू व गणिती लमेत्र याने हबलच्या दोन वर्षे आधी, १९२७ साली, लिहून ठेवले होते. गणितातील शक्यता तर रशियन फ्रीडमनने १९२२ सालीच दाखविली होती. लमेत्रचा लेख फ्रेंच भाषेत, ब्रुसेल्सच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या पत्रिकेत आला. १९३१ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, त्यात प्रसरणाचा दर काढलेला नेमका भाग गाळलेला! हा कोणाचा डाव, अशी कुजबूज पुष्कळ वर्षे चालली. २०११ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या दप्तरात लमेत्रचे मूळ पत्र सापडले. भाषांतर त्याचे स्वतःचे होते आणि गाळणाराही तोच होता. नवे आकडे आल्यावर जुन्यांची चर्चा पुन्हा छापण्यात त्यास अर्थ वाटला नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघाने मत घेऊन या नियमास हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली. संशय कितीही सयुक्तिक दिसला तरी फाइल पाहिल्यावाचून शेरा मारू नये, हा यातील धडा.

आता प्रसरण म्हणजे काय ते पाहू. सर्व दीर्घिका आपल्यापासून पळतात, म्हणून आपण विश्वाच्या मध्यभागी आहो काय? भोगीच्या दिवशी बाजरीची भाकरी थापताना पाहावी. वर लावलेले तीळ भाकरी मोठी होते तसे एकमेकांपासून दूर जातात. कोणत्याही तिळावर बसून पाहिले तरी बाकीचे सारे तीळ आपल्यापासून दूर जाताना दिसतील, आणि जो दुप्पट दूर तो दुप्पट वेगाने. तीळ स्वतः चालत नाहीत; मधले पीठ पसरते. तिळाचा आकारही वाढत नाही. त्याचप्रमाणे दीर्घिका, सूर्यमाला किंवा आपण पसरत नाही; पसरतो तो दीर्घिकांच्या समूहांमधला अवकाश. भाकरीला मात्र कडा असते. विश्वाला अशी कडा आढळलेली नाही, एवढा भेद ध्यानी ठेवावा.

येथेच पुष्कळांस अडणारी शंका उद्भवते. प्रसरणाचा दर आज असा आहे की सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या प्रत्येक टप्प्यामागे दूर जाण्याचा वेग सेकंदास सुमारे ७० किलोमीटरांनी वाढतो. या हिशेबाने १४०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडील दीर्घिका प्रकाशाहून अधिक वेगाने दूर जात आहेत. मग आइन्स्टाइनच्या नियमाचे काय झाले? नियम अबाधित आहे. कोणतीही वस्तू आपल्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशकिरणास मागे टाकू शकत नाही, एवढेच तो सांगतो. तीळ आपल्या जागीच आहे. दोन तिळांमधील पीठ किती वेगाने पसरावे यावर त्या नियमाचे बंधन नाही.

हबलचा पहिला दर मात्र फार मोठा, सुमारे ५०० होता. त्यावरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघे. आणि पृथ्वीवरील खडक त्याहून जुने ठरू लागले. आईपेक्षा लेक वडील! चूक अंतरांत होती. महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मालविले गेले. बाडे हा मूळचा जर्मन ज्योतिषी शत्रुराष्ट्राचा म्हणून युद्धकार्यास घेतला गेला नव्हता. त्या काळोखाचा आणि मोकळ्या दुर्बिणीचा त्याने भरपूर लाभ घेतला. १९५२ साली त्याने जाहीर केले की अंतरे मोजण्याचे ते तारे दोन जातींचे आहेत. सबब सर्व अंतरे सुमारे दुप्पट करावी.

दरम्यान १९४८ साली हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी विश्वाला आरंभच नाही, पसरणाऱ्या अवकाशात नवे द्रव्य उत्पन्न होत राहते, असा स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. या वादात एक मराठी नाव अग्रभागी आले. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत, आणि सापेक्षता हा त्यांचा अभ्यासविषय होता. त्यांचे चिरंजीव जयंतराव काशीस शिकून केंब्रिजला गेले आणि १९६४ साली त्यांनी हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. परप्रांतात वाढलेल्या मुलाने पुढे पुण्यास 'आयुका' उभारावी आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवावे, हे आपल्यासारख्या प्रवासी मराठी कुटुंबांनी स्मरणात ठेवण्याजोगे आहे. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. निरीक्षणांचा कौल त्यांच्या पक्षाविरुद्ध गेला; तरीही बहुमताला प्रश्न विचारण्याचे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

तो कौल आला १९६५ साली. न्यू जर्सीत पेन्झियास व विल्सन यांच्या रेडिओ शिंगात एक खरखर येत होती. कबुतरांची घरटी काढून टाकली, शिंग घासून स्वच्छ केले, तरी ती जाईना. आणि आकाशाच्या सर्व दिशांनी ती सारखीच येई. विश्व अवघे ३,८०,००० वर्षांचे असता निघालेला तो प्रकाश होता. ज्या द्रव्यातून तो निघाला ते तेव्हा आमच्या जागेपासून फक्त सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवर होते. पण मधला अवकाश इतका पसरत गेला की प्रकाशास येण्यास १३८० कोटी वर्षे लागली, आणि ते द्रव्य आता सुमारे ४५०० कोटी प्रकाशवर्षांवर गेले आहे. वाटेत प्रकाशाच्या लहरीही ताणल्या गेल्या. तप्त तेजाचे थंड सूक्ष्मतरंग झाले. पुढे १९९८ साली दोन संशोधक गटांनी दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांवरून दाखविले की प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चालले आहे. याचे मूळ कारण अद्याप उलगडलेले नाही. प्रसरणाचा दरही वाद्यांकित आहे: आद्य प्रारणावरून तो ६७ च्या सुमारास येतो, ताऱ्यांवरून ७३ च्या सुमारास. दोन खात्यांचे हिशेब जुळत नाहीत, तोवर वही बंद करता येत नाही.

प्रसरण वाढते आहे याचा एक परिणाम मनास चटका लावणारा आहे. सुमारे १६०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडील दीर्घिकेतून आज जो प्रकाश निघेल तो येथे कधीच पोचणार नाही. तिची जुनी पत्रे आपणांस येत राहतील, उत्तरोत्तर अधिक तांबडी, अधिक मंद आणि अधिक विरळ. पण आजच्या तारखेचे पत्र वाटेतच राहील. ते हरवले असे म्हणता येत नाही; ते प्रकाशाच्या वेगाने चाललेच आहे. वाट मात्र त्याहून वेगाने लांबत आहे.

आजोबांनी त्या कार्डावर तारीख का टाकली असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला. वेळेवर न आलेल्या पत्राचाही एक हक्क असतो: ते केव्हा निघाले आणि केव्हा पोचले याची नोंद होण्याचा. रोमरने आयोची ती नोंद केली, लेविटबाईंनी रूपविकारी ताऱ्यांची, ह्युमासनने कडाक्याच्या रात्री जागून दीर्घिकांची. त्यांच्यापैकी कोणासही आकाशाचा वर्तमानकाळ पाहावयास मिळाला नाही. कोणासच मिळत नाही. त्यांच्या हाती पोचले ते वर्तमान, आणि तारखा नीट वाचून त्यांनी त्यातून विश्वाचा इतिहास उभा केला.